कर्ज फिटण्यापलीकडे गेलं असेल तर: तडजोड, नादारीचा अर्ज आणि त्याआधीची कामं

‘दिवाळं काढलं की सगळं माफ’ असं काही जण धरून चालतात. काहींची समजूत नेमकी उलटी असते, की दिवाळखोरी कंपन्यांची असते आणि साध्या पगारदाराला किंवा दुकानदाराला भारतात तशी सोयच नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. व्यक्तीला नादार, म्हणजे कर्ज फेडायला असमर्थ, म्हणून जाहीर करणारा कायदा शंभर वर्षांहून जुना आहे आणि आजही लागू आहे. मात्र तो संथ आहे, तारण असलेल्या कर्जापुढे जवळपास हतबल आहे आणि अर्जदाराकडून पूर्ण प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवतो. म्हणून नादारीचा अर्ज हा बहुतेकांसाठी शेवटचा मार्ग ठरतो. तिथपर्यंत जाण्याआधीची कामं क्रमाने केली तर निम्म्याहून अधिक लोकांना त्या अर्जाची गरजच पडत नाही, असं आमचं मत आहे.

पहिलं काम: सगळी कर्जं एका कागदावर

हे काम टाळण्याकडे कल असतो, कारण एकूण आकडा बघायची भीती वाटते. पण यादीशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही. प्रत्येक कर्जापुढे एवढं लिहा: कुणाचं, मुद्दल किती, व्याज आणि दंड किती, तारण काय, जामीनदार कोण, सही केलेले कोरे चेक दिलेत का, खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी दिली आहे का, शेवटचा पैसा कधी भरला, आणि कोणती नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण पत अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही मागवा, एकातली चूक किंवा राहिलेलं खातं दुसऱ्यात सापडतं. हातउसने, भिशीचे पैसे, सावकाराचं कर्ज यांतलं काहीच तिथे दिसणार नाही. ते आठवून लिहायचं.

शेवटच्या भरण्याची तारीख का महत्त्वाची? साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला सहसा तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी तुम्ही पाचशे रुपये जरी भरले, किंवा ‘बाकी मान्य आहे’ अशा कागदावर सही केली, तरी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. मुदत उलटून गेल्यावरही ‘फेडीन’ असं लेखी वचन दिलं तर तो नवा करार धरला जाऊ शकतो. वसुलीवाला ‘फक्त सदिच्छा म्हणून थोडे टाका’ असं म्हणतो, त्यामागचं एक कारण हेच. गहाणखतावर आधारलेल्या दाव्याला मुदत बारा वर्षांची आहे.

दुसरं काम: कोण काय करू शकतो, त्यावरून क्रम लावा

सर्वांत जास्त ओरडणाऱ्याला आधी पैसे दिले जातात, आणि इथेच गणित बिघडतं. क्रेडिट कार्डवाला दिवसाला दहा फोन करतो म्हणून त्याला पैसे जातात आणि शांत बसलेली गृहकर्जाची बँक घराचा ताबा घेते. क्रम आवाजावरून नको, अधिकारावरून लावा.

घर तारण असलेलं कर्ज सर्वांत धोक्याचं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक, म्हणजे ‘एनपीए’, होतं आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला दिवाणी दावा न लावता कारवाई करता येते. आधी ६० दिवसांची मागणी नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. लोक ही नोटीस घडी करून कपाटात ठेवतात. पुढे ताबा घेण्याची पायरी आली की कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, ४५ दिवसांच्या आत जावं लागतं. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळी बाकी भरली तरच घर हक्काने सोडवता येतं. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावून उपयोग होत नाही. दोन अपवाद लक्षात ठेवा: शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही, आणि मुद्दल व व्याजाची बाकी वीस टक्क्यांच्या आत असेल तरीही नाही.

वैयक्तिक कर्ज, कार्ड आणि ॲपवरच्या कर्जाला तारण नसतं. तिथे धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, आधी न्यायालयातून हुकूमनामा (वसुलीचा निकाल) किंवा लवादाचा, म्हणजे न्यायालयाबाहेरच्या पंचाचा, निवाडा मिळवावा लागतो आणि मगच जप्तीची दरखास्त करता येते. लवादाच्या नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीने एकतर्फी नेमलेल्या लवादाला आव्हान देता येतं, पण निवाडा हातात पडल्यापासून तीन महिन्यांत न्यायालयात जावं लागतं.

चेक हा वेगळा विषय आहे. चेक न वटल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत धनकोने नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे, न भरल्यास पुढच्या एका महिन्यात त्याने तक्रार दाखल करायची. हा फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. खात्यातून कापायचा हप्ता पैशाअभावी परत गेला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तसाच खटला होतो. नादारीचा अर्ज या खटल्याला थांबवत नाही. ‘चेक कोरा होता, फक्त सही माझी’ हा बचावही सहसा टिकत नाही. म्हणून यादीत चेकवाली कर्जं घराच्या लगेच खाली ठेवा.

महाराष्ट्रात पतसंस्था आणि सहकारी बँकांची रीत आणखी वेगळी. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि संस्थेचा वसुली अधिकारीच जप्ती करतो. दिवाणी न्यायालयातली वर्षं इथे वाचतात, अर्थात संस्थेची. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे फेरतपासणीची मागणी, करायचा तर वसुलीच्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. त्यामुळे जे म्हणायचं ते १०१ ची चौकशी चालू असतानाच हजर राहून म्हणा. हिशेबाचा उतारा मागा, भरलेल्या पावत्या लावा.

सावकार परवानाधारक आहे का, हे पहिल्यांदा तपासा. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन परत मिळवण्याची सोयही याच कायद्यात, कलम १८ मध्ये, आहे.

तुरुंग, पगार, भांडी: जप्ती कुठे थांबते

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत दिवाणी कैद असते, पण ऐपत असून दडवणाऱ्यासाठी. नुसत्या गरिबीसाठी माणसाला आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं. कैदेची कमाल मुदत तीन महिने आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० काय जप्त होत नाही ते सांगतं: घरच्यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम, सरकारी पेन्शन. शेतकरी, मजूर आणि घरगडी यांचं राहतं घरही सुटतं. नोकरदाराचा किंवा व्यापाऱ्याचा फ्लॅट मात्र या यादीत नाही. अनेकांना हे जप्तीच्या दिवशी कळतं.

पगाराचं गणित असं: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित. हिशेबात धरायचा पगार ४०,००० असेल तर ३९,००० चा एकतृतीयांश, म्हणजे महिना १३,००० पर्यंत जप्ती. ती एकूण २४ महिने चालली की पुढचे १२ महिने पगाराला हात लागत नाही, आणि २४ महिने एकाच हुकूमनाम्यापायी कापले असतील तर त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. ही सूट पोटगीच्या हुकुमाला लागू नाही, तिथे फक्त एकतृतीयांश पगार सुरक्षित राहतो.

वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांत किंवा मित्रांत बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला शुल्क नाही. फोनचं रेकॉर्डिंग आणि संदेशांचे स्क्रीनशॉट तारखेनिशी ठेवा.

तिसरं काम: तडजोड, पण कागदावर

घरखर्च काढून महिन्याला खरोखर किती उरतं, हा आकडा आधी काढा. तो शून्याच्या वर असेल तर बँकेकडे मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी करा. खातं अनुत्पादक होण्याआधी ही मागणी केली तर बँकेचा हात मोकळा असतो, नंतर तो आखडतो.

एकरकमी तडजोडीची बोलणी वेगळी असतात. पैसा प्रत्यक्ष हाताशी आल्याशिवाय आकडा बोलू नका. ‘दोन महिन्यांत कुठून तरी आणतो’ या भरवशावर केलेली तडजोड मोडली की बँक बहुतेकदा सवलत रद्द करून जुन्या पूर्ण बाकीवर येते आणि भरलेले पैसे व्याजात जिरतात. बोलणी फोनवर होतील, पण पैसे हलवण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं. त्यात कर्ज खात्याचा क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याच्या तारखा, ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द, चालू खटले मागे घेण्याची हमी, कोरे चेक परत करण्याची अट आणि जामीनदाराची सुटका, हे सगळं असलं पाहिजे. जामीनदाराबद्दलचं वाक्य नेमकं राहून जातं आणि वर्षभराने भावाला नोटीस येते. पैसे फक्त कर्ज खात्यात भरा, एजंटच्या खात्यात किंवा त्याच्या मोबाइल क्रमांकावर कधीच नाही.

तडजोडीनंतर अहवालात खातं ‘बंद’ न दिसता ‘सेटल्ड’ दिसतं आणि नवीन कर्ज मिळणं अवघड होतं. त्याच बँकेकडून तर शेतीखेरीज इतर कर्जांना किमान १२ महिने दार बंद. ही किंमत मान्य करूनच सही करा. घराची मूळ कागदपत्रं मात्र कर्ज पूर्ण फिटल्यापासून किंवा तडजोडीने मिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

लोकअदालत हा चांगला मार्ग आहे. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नसतं आणि दावा चालू असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही ही गोष्ट दोन्ही बाजूंनी बांधते, तेव्हा झेपणार नाही तो हप्ता तिथल्या घाईत कबूल करू नका. आणि ‘हप्ते बंद करा, आमची फी भरा, आम्ही बँकेशी बोलतो’ म्हणणाऱ्या सेटलमेंट कंपन्यांपासून लांब राहा. त्यांच्या पत्राने ना दावा थांबतो, ना चेकचा खटला.

चौथं काम: नादारीचा अर्ज

तडजोड जमत नाही, तारण नसलेली कर्जं मिळकतीच्या कितीतरी पट आहेत आणि जप्ती दारात आहे, अशा वेळी हा मार्ग. मुंबई शहरात १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स नादारी कायदा आणि उच्च न्यायालय. उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. पुढची कलमं १९२० च्या कायद्यातली आहेत.

अर्जासाठी दोन गोष्टी लागतात. तुम्ही कर्ज फेडायला असमर्थ असलं पाहिजे, आणि तीनपैकी एक अट पुरी झाली पाहिजे: कर्ज किमान ५०० रुपयांचं आहे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात तुम्हाला अटक झाली आहे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू आहे. पाचशेचा आकडा शतकापूर्वीचा आहे, त्यामुळे पहिली अट आज कुणीही पुरी करतो. खरी कसोटी असमर्थतेची.

अर्जात राहण्याचं आणि धंद्याचं ठिकाण, प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता आणि रक्कम, सगळी मालमत्ता तिच्या किमतीसह आणि ती कुठे आहे ते, ती न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी, हिशेबाच्या वह्या, चालू असलेले हुकूमनामे, आणि पूर्वी असा अर्ज केला होता का, हे सगळं प्रतिज्ञेवर द्यायचं असतं. एक धनको ‘घरचाच आहे’ म्हणून वगळला किंवा गावच्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा लिहिला नाही, तर प्रकरण तिथेच कुजतं. मालमत्ता लपवणं, खोट्या नोंदी करणं यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

अर्ज दाखल झाला म्हणजे जप्ती आपोआप थांबली, असं नाही. संरक्षणासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. अटकेत असाल तर सुटकेचा, नादार जाहीर झाल्यावर अटकेपासून संरक्षणाचा. वकिलाला हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण हा अर्ज मागाहून देऊ म्हणता म्हणता एकदोन तारखा निघून जातात.

सुनावणीत न्यायालयाची खात्री पटली की नादारीचा हुकूम होतो. तिथून तुमची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, कलम ६० ची सूट असलेल्या वस्तू वगळून. न्यायालयाच्या परवानगीशिवाय साध्या धनकोला तुमच्यामागे लागता येत नाही. पण तारण असलेला धनको आपलं तारण विकून घेऊ शकतो, नादारी त्याच्या आड येत नाही. मुक्ती, म्हणजे उरलेल्या कर्जातून सुटका, मिळेपर्यंत जे काही नवीन मिळेल, वारसा धरून, तेही रिसीव्हरकडे जातं.

याच हुकुमात मुक्तीचा अर्ज किती मुदतीत करायचा ते लिहिलेलं असतं. ही तारीख सर्वांत महत्त्वाची. नादार जाहीर झालो म्हणजे सुटलो, असं समजून लोक घरी बसतात. मुदत चुकली तर न्यायालय नादारी रद्द करतं आणि संरक्षण जाऊन कर्ज जसंच्या तसं उभं राहतं. सवड हवी असेल तर मुदत संपण्याआधी वाढवून मागा.

पूर्ण मुक्ती सहज मिळत नाही. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही सुटत नसतील आणि तो दोष तुमचा नाही हे दाखवता आलं नाही, धंद्याचे आधीच्या तीन वर्षांचे हिशेब ठेवले नसतील, फेडीची आशा नसताना कर्ज काढलं असेल, सट्टा, जुगार किंवा उधळपट्टीने दिवाळं निघालं असेल, तर न्यायालय विनाअट मुक्ती नाकारतं. सशर्त किंवा काही काळ लांबवलेली मुक्ती तेव्हाही मिळू शकते. यासाठी आजारपणाची बिलं, नोकरी गेल्याचं पत्र, धंद्यात बुडालेल्या उधारीची यादी जपून ठेवा. पैसा कुठे गेला, याचं उत्तर कागदांनी द्यायचं असतं.

हुकुमानंतर धनकोंशी सामूहिक तडजोडही करता येते. कर्ज सिद्ध केलेल्या आणि हजर धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीनचतुर्थांश राजी झाले आणि न्यायालयाला ती वाजवी वाटली, तर सगळे बांधले जातात. एखादा अडून बसलेला धनको इथे एकटा पडतो, आणि या सोयीचा वापर व्हायला हवा तेवढा होत नाही.

मुक्तीनंतरही सरकारी देणी, फसवणुकीतून आलेलं देणं आणि पोटगी सुटत नाही. जामीनदार आणि सहकर्जदारही सुटत नाहीत. तुमच्या कर्जाला मेहुणा जामीन असेल तर तुमची नादारी म्हणजे त्याच्या दारात बँक, हे त्याला आधी सांगा. मुक्ती मिळेपर्यंत कंपनीचं संचालक होता येत नाही, आमदार-खासदारकीला अपात्रता येते, आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी घेणं हाही गुन्हा ठरतो.

बायकोच्या नावावर घर करून टाकू का?

नको. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांतली बक्षीसपत्रं आणि वाजवी मोबदल्याविना केलेले व्यवहार रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला मुद्दाम झुकतं माप देऊन पैसे दिले असतील तर तेही उलटवता येतात. नादारीचा अर्ज नसला, तरी धनकोंना चकवण्यासाठी केलेलं हस्तांतर दिवाणी दाव्यात टिकत नाही. शिवाय अशी एक नोंद सापडली की न्यायाधीश बाकीच्या सगळ्या कागदांकडे संशयाने बघतात.

२०१६ च्या संहितेचं काय?

नादारी आणि दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी चांगल्या तरतुदी लिहिलेल्या आहेत. वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसलेल्यांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची कर्जमाफीची प्रक्रियाही त्यात आहे. पण हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांसाठी. साध्या कर्जदाराला त्याच्याखाली अर्ज करता येत नाही. ‘नव्या कायद्याने कर्ज माफ करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर एवढं वाक्य पुरेसं आहे.

मात्र तुमची किंवा नातलगाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि तिच्या कर्जावर तुम्ही स्वतः जामीन म्हणून सही केली असेल, तर हा कायदा तुम्हाला लागू आहे आणि बँक थेट तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकते. मग परतफेडीची योजना मांडावी लागते, ती मताला पडलेल्या रकमेच्या तीनचतुर्थांशाहून जास्त धनकोंनी मान्य करावी लागते, आणि ती फेटाळली गेली तर पुढची पायरी दिवाळखोरीची. इथे नेहमीचा दिवाणी वकील पुरत नाही, या संहितेचं काम करणाराच हवा.

वकिलाकडे जाताना

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००. सोबत न्यायचं ते असं: कर्जांची यादी, चारही पत अहवाल, प्रत्येक नोटीस तिच्या पाकिटासकट (मुदत मोजताना पोस्टाच्या शिक्क्याची तारीख कामी येते), तीन वर्षांचे बँक उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रं, मालमत्तेचे उतारे आणि जामीनदारांची नावं. वकिलाला तीन प्रश्न विचारा: सर्वांत जवळची मुदत कोणती, त्या मुदतीत कोणता कागद दाखल करायचा, आणि संरक्षणाचा अर्ज त्याच दिवशी देणार का.